आजीला जपानमध्ये कोण शोधणार?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचलं आणि सोबतची चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. नऊवारी नेसलेली, चष्मा नाकावर घसरलेली आजी, आणि तिच्या तोंडी चोख जपानी! पुण्यात राहून जपानी शिकणाऱ्या मुलीलाच हे सुचू शकतं. असा स्टिकरचा सेट लाइन या जपानमधल्या चॅटिंग अ‍ॅपच्या दुकानात महिनोन् महिने कुणाच्या नजरेला पडत नाही, हे वाचून वाईट वाटलं. पण तू लगेच ‘माझी चित्रंच कच्ची असतील’ असं लिहिलंस, ते मला मान्य नाही. चित्रं उत्तम आहेत. ती सापडावीत याची सोय मात्र झालेली नाही.

लाइनचं क्रिएटर्स मार्केट २०१४ साली सुरू झालं आणि घरी बसून चित्रं काढणाऱ्या कुणालाही तिथे स्टिकर विकता येऊ लागले. आज तिथे इतकी गर्दी आहे की नव्या सेटच्या यादीत आपला सेट थोडाच वेळ वर राहतो, मग खाली जातो. त्यानंतर गिऱ्हाईक येतं ते सर्चमधून, नाहीतर कुणाशी तरी गप्पा मारताना. त्या गिऱ्हाइकाच्या जागी जरा स्वतःला बसव. रात्री ऑफिसातून निघालेली एक बाई आहे. वरिष्ठांना ‘ओत्सुकारेसामा देशिता’, म्हणजे ‘आज खूप काम केलंत, धन्यवाद’ असं म्हणायचंय, कोरडं वाटू नये म्हणून स्टिकर हवाय, पण फार लाडिकही चालणार नाही. तिला म्हणायचं असतं एक वाक्य, आणि ती ते वाक्यच शोधते.

आता तुझ्या सेटचं नाव बघ: ‘आजी’, तेही रोमन अक्षरांत. ही बाई ते कधी टाइप करेल? ती लिहिणार ‘ओबाआचान’, म्हणजे जपानीतली आजी, किंवा ‘केइगो’, म्हणजे आदराची भाषा. केइगोचे स्टिकर हा तिथे चांगला चालणारा प्रकार आहे, आणि तुझ्या आजीला तो शोभतो, कारण तिच्या तोंडी अदब खोटी वाटत नाही. म्हणून पुढच्या सेटच्या नावात हे दोन्ही शब्द आण. नावाला ४० अक्षरं मिळतात, वर्णनाला १६०. जपानी लिपीत एवढ्या जागेत पुष्कळ मावतं. इंग्रजी नाव द्यावंच लागतं, पण जपानी मजकूर वेगळा भरता येतो. तो यंत्राकडून करून घेऊ नकोस, तुला भाषा येते. शिवाय एकच शब्द जपानी माणूस कधी हिरागानात, कधी कांजीत, कधी काताकानात, अशा तीन लिप्यांत लिहितो. नावात एक रूप घेतलंस तर वर्णनाच्या वाक्यात दुसरं सहजपणे येऊ दे. नुसत्या शब्दांची माळ मात्र लावू नकोस. ती वाचणाऱ्याला खटकते, आणि विक्रीआधी लाइन जे परीक्षण करते त्यातून सेट परत येण्याची भीतीही असते.

‘अरिगातो’ (धन्यवाद) आणि ‘ओयासुमी’ (शुभ रात्री) हवेतच, त्यांच्याशिवाय सेट अपुरा वाटतो. पण त्या शब्दांवर हजारोंची नजर आहे. नव्या माणसाला जागा मिळते ती ज्या प्रसंगांवर फार थोड्यांनी काढलंय तिथे. लोकल उशिरा धावतेय हे ऑफिसला कळवायचंय. ‘आत्ता निघतोय’ असं घरी सांगायचंय. फेब्रुवारी ते एप्रिल सुगी झाडाच्या परागकणांनी अर्धा देश शिंकत असतो, त्याला काफुनशो म्हणतात. तुझी आजी नाकाला पदर लावून शिंकताना काढ, मला ती आत्ताच दिसतेय! जूनच्या पावसात छत्री विसरलेली आजी. डिसेंबरच्या शेवटी घर झाडून काढणारी आजी. हे प्रसंग तुला पुण्यातून चटकन सुचणार नाहीत, म्हणून तुझ्या जपानी शिक्षिकेला विचार: आज दिवसभरात तुम्ही कुणाला काय कळवलंत? त्या उत्तरातून अर्धा सेट तयार होईल. नव्या वर्षाच्या शुभेच्छांचा सेट मात्र नोव्हेंबर उलटण्याआधी परीक्षणाला पाठव. डिसेंबरच्या गर्दीत अडकला तर पुढे वर्षभर त्याला कोण विचारणार?

टॅगकडे तू दुर्लक्ष केलंयस असं दिसतं. प्रत्येक स्टिकरला स्वतंत्र टॅग, म्हणजे त्याचा भाव किंवा प्रसंग सांगणारे शब्द, लावता येतात. माणूस शब्द टाइप करायला लागला की त्या टॅगच्या आधारानेच स्टिकर वर सुचवले जातात. चाळीसही स्टिकरना ‘हसरा’ लावून मोकळी झालीस तर शिंकणारी आजी कधीच पुढे येणार नाही. एक संध्याकाळ बसून प्रत्येक चित्राला त्याचा नेमका टॅग दे. याचं महत्त्व कशात आहे ते सांगते. सुचवला गेलेला स्टिकर वापरला जातो, वापरला की समोरच्याला दिसतो, आणि त्याने त्यावर बोट ठेवलं की थेट तुझ्या सेटचं दुकानातलं पान उघडतं. माझ्या मते याहून चांगली जाहिरात नाही. लाइनची प्रीमियम योजना २०१९ साली जपानमध्ये आली. तिच्या वर्गणीदारांना सेट विकत न घेताही वापरता येतात आणि वापराप्रमाणे चित्रकाराला वाटा मिळतो. त्यात सेट सामील कर. एका सेटमागे कमी मिळालं तरी आजी जास्त गप्पांमध्ये पोहोचेल.

दुकानात सेटची ओळख म्हणून दिसणाऱ्या मुख्य चित्राबद्दल थोडं. ते २४० बाय २४० पिक्सेलचं असतं आणि फोनवर त्याहून लहान दिसतं. तू तिथे पूर्ण उभी आजी घेतलीस, काठाच्या बारीक नक्षीसकट. तेवढ्याशा जागेत ती नक्षी नुसता डाग होते. चेहरा घे: ठसठशीत कुंकू, गोल चष्मा, डोक्यावरचा पदर. आकृतीभोवती पांढरी कड ठेव, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीच्या चॅटमध्येही ती हरवणार नाही.

सेटमध्ये ८, १६, २४, ३२ किंवा ४० स्टिकर चालतात. दर वेळी चाळीस भरण्याचा हट्ट सोड. ‘आजी ऑफिसात’ आणि ‘आजी घरी’ असे सोळा-सोळाचे दोन सेट केलेस तर दोन नावं, दोन पानं, सापडण्याच्या दोन संधी. एका पानावर आलेल्याला तुझे बाकीचे सेटही खाली दिसतात. त्यासाठी चित्रकार म्हणून तुझं नाव सगळीकडे एकच ठेव आणि काताकानातही लिही.

पुण्यातल्या मैत्रिणींना लाइनशी काही देणंघेणं नसेल, त्यांना आग्रह करू नकोस. मराठी बोलणारी आजी त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर हौसेने कर, तिथे स्टिकर विकायचं दुकानच नाही. विक्रीसाठी पहिले हात जपानमधले हवेत: तुझ्या शिक्षिका, भाषेच्या देवाणघेवाणीतल्या मैत्रिणी, तिकडे नोकरीला गेलेले वर्गमित्र. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) टाकताना नुसतं चित्र टाकू नकोस, दोन माणसांच्या संवादात आजी कशी येते ते दाखव आणि खाली सेटची लिंक दे.

पुढच्या सेटची वाक्यं आणि नाव ठरलं की आधी मला पाठव, चित्रं मागाहून. जपानी मी तपासून देईन. ऑफिसात कुणाला काय म्हटलेलं चालतं, ते इथल्या माझ्या सहकाऱ्यांनाही विचारून ठेवते.

तुझी,
ताई