ज्ञानदाला कुणी ‘ग्नानदा’ म्हटलं तर?

प्रश्न : माई, आम्ही वडोदऱ्याला असतो. बाळंतपणाला मी माहेरी, कोल्हापूरला आले आणि इथेच मुलगी झाली. आजेसासूबाईंनी ‘ज्ञानदा’ नाव सुचवलं, मला ते फार आवडलं. पण यांचं म्हणणं, तिकडे सगळे ‘ग्नानदा’ म्हणतील, दिल्लीकडचे ‘ग्यानदा’ म्हणतील आणि इंग्रजीत डी-एन-वाय लिहिलं तर कुणाला वाचताच येणार नाही. बारसं चार दिवसांवर आलंय. नाव बदलू का?
— एका मुलीची आई

उत्तर : नाव बदलू नका. एवढं मनापासून आवडलेलं नाव शेजाऱ्यांच्या जिभेसाठी सोडलंत, तर पुढे प्रत्येक हाकेला ते आठवेल.

ज्ञ म्हणजे ज् आणि ञ यांची जोडी. तिचा मूळ उच्चार आपल्याही तोंडात राहिलेला नाही. आपण ‘द्न्य’ म्हणतो, गुजरातीत ‘ग्न’ होतो, हिंदीत ‘ग्य’. शेजारच्या मासी ‘ग्नानदा’ म्हणतील तेव्हा त्या नाव चुकवत नसतील, तेच अक्षर आपल्या भाषेत वाचत असतील. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत हजेरी घेतली. एकदा सुरतेहून आलेली प्रज्ञा तिसरीत दाखल झाली. मी ‘प्रद्न्या’ म्हणून पुकारलं की ती शांत बसून राहायची, कारण घरी तिला ‘प्रग्ना’ म्हणत. मी जवळ जाऊन फळ्यावर तिचं नाव लिहिलं आणि दोन्ही तऱ्हांनी वाचून दाखवलं. त्या आठवड्यातच ती दोन्ही हाकांना ‘हजर’ म्हणायला लागली. मुलांना हे जड जात नाही हो.

मला खरी काळजी आहे ती स्पेलिंगची. माझा मुलगा हृषीकेश. आम्ही ‘ह्रु’ म्हणतो, म्हणून शाळेत नाव घालताना ‘यू’ लिहिला. दहावीच्या गुणपत्रिकेवर त्या जागी ‘आय’ छापून आला. निकालाच्या आनंदात आम्ही टक्के पाहिले, नाव पाहिलंच नाही. पासपोर्टच्या वेळी त्या एका अक्षरापायी प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि कितीतरी खेपा झाल्या. तो बिचारा नोकरीचं पत्र हातात घेऊन थांबला होता. ते दिवस मी विसरलेली नाही, म्हणूनच इतक्या कळकळीने लिहितेय.

तेव्हा बारशाला पाळण्यात नाव खुशाल ठेवा, पण कागदावर घालायची घाई नको. मुलगी कोल्हापुरात झाली, म्हणजे नोंद तिथेच होईल. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, नाव मात्र नंतरही घालता येतं. 12 महिन्यांपर्यंत त्याला शुल्क पडत नाही. आणि 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशाला, पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. म्हणजे तिथे पडलेलं अक्षर जन्मभर पुढे जाणार. दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही नावं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचा.

स्पेलिंग डी-एन-वायचंच ठेवा, असं मी म्हणेन. ‘जी’ घातला तर वडोदऱ्यात सोपं जाईल, पण मग तिचं नाव कागदावर एक आणि आईच्या तोंडी दुसरं. ज्ञानेश्वर लिहिताना महाराष्ट्रात घरोघरी डी-एन-वायच लिहितात.

नाव ‘जाई’ असतं, तर मात्र मी थांबवलं असतं. जे-ए-आय लिहिलं की परप्रांतात ‘जय’ वाचतात आणि मुलीचं नाव मुलाचं होऊन बसतं. ज्ञानदाचं तसं होत नाही. उच्चार बदलला तरी अर्थ जागेवर राहतो, ज्ञान देणारी. (‘प्रांजळ’सारखं नाव वडोदऱ्यात छान चालेल बरं का, गुजरातीत ळ आहे. इंदूरला त्याचं ‘प्रांजल’ होईल. दुसऱ्या लेकराच्या वेळी आठवण ठेवा.)

आणि एक करा. बालवाडीत पहिल्या दिवशी बाईंना नाव नुसतं सांगू नका, कागदावर गुजराती लिपीत ‘द्न्यानदा’ असं फोडून लिहून द्या. माझ्या हाती कुणी अशी चिठ्ठी दिली की मी ती हजेरीपटात त्या नावाशेजारीच चिकटवून ठेवत असे.