मुदत दिलीत, पण मोजणार काय?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा १९ वर्षांचा, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. मागच्या परीक्षेत ५४ टक्के. तेराव्या वर्षापासून कुणाकडे न जाता गिटार शिकला आणि आता रॉक-ब्लूज वाजवणाऱ्या चौघांच्या बँडमध्ये आहे. तुम्ही त्याला बजावलंय, ‘वर्षभरात नाव कमव, नाहीतर गिटार विकून टाकू.’ आणि मला विचारताय, त्याला कुठला ‘मान्यताप्राप्त’ कोर्स लावू?

कोर्सचं आधी उरकतो. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षा आठव्या ग्रेडपर्यंत असतात. हौस असेल तर देऊ दे, पण बँडमध्ये घेताना सर्टिफिकेट कुणी बघत नाही, वाजवून दाखव म्हणतात.

खटकलं ते वेगळंच. ‘तो गिटार घेऊन बसला की मी टीव्हीचा आवाज वाढवतो,’ असं तुम्ही लिहिलंय. गमतीनं लिहिलं असेल, पण मला हसू आलं नाही. सहा वर्षं हेच चाललंय का? आणि या सहा वर्षांत त्याचा एक तरी कार्यक्रम तुम्ही पाहिलात का? पत्रात तसा उल्लेख नाही. मुदत देण्याला माझा विरोध नाही, मीही मुलांना मुदती घालून देतो. पण मुदत त्याच्या हातातल्या गोष्टीची हवी. नाव होणं त्याच्या हातात नाही. ब्रिटिश गिटारवादक मार्क नॉफ्लर आधी वार्ताहर होता, मग कॉलेजात शिकवत होता. १९७७मध्ये त्याचा गाजलेला बँड, डायर स्ट्रेट्स, उभा राहिला तेव्हा तो तिशीला टेकला होता. तुमच्या हिशोबानं त्याची गिटार केव्हाच विकली गेली असती.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय: ‘स्वतःचा बँड कमी म्हणून की काय, आणखी दोन बँडवाले याला बोलावतात आणि हा जातो.’ अहो, या धंद्यातली गुणपत्रिका हीच! नेहमीचा गिटारवाला आजारी पडला की कुणाला फोन जातो आणि पुढच्या वेळी त्यालाच पुन्हा जातो का, यावर इथे पोट चालतं. १९६६मध्ये लंडनला जाण्याआधी जिमी हेन्ड्रिक्ससारखा रॉक गिटारचा बादशहासुद्धा आयझली ब्रदर्स आणि लिटल रिचर्ड या गाणाऱ्यांच्या मागे उभा राहून साथ करत होता.

‘स्वतः शिकला म्हणजे पाया कच्चा,’ हा तुमचा समज मात्र काढून टाका. स्वतः शिकणं म्हणजे एकट्यानं शिकणं नव्हे. एकच रेकॉर्डिंग पन्नासदा मागे-पुढे करून कानानं सूर उचलायचा, मग तो ड्रम आणि बेसबरोबर बसतो का ते बघायचं, आणि बसला नाही की इतर तिघांची बोलणी खायची, अशी ती शाळा असते. ब्लूजचा बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) साचा तीन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या तीन जुळण्यांवर, उभा असतो. तो आठवड्यात पाठ होतो आणि त्यात जीव ओतायला वर्षं जातात. उणीव राहते ती दुसरीकडे. अशा मुलांना बहुधा नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचता येत नाही, त्यामुळे स्टुडिओतली काही कामं हातची जातात. शिवाय सगळ्यांना सोलो वाजवायचा असतो. सोलोवाले पैशाला पासरी मिळतात. गायक गात असताना मागे गप्प ऱ्हिदम धरणारा शोधावा लागतो. तुमचा मुलगा या दोघांपैकी कोणत्या जातीचा, हे त्याला विचारा. उत्तर द्यायला तो घुटमळला, तर मला त्याची खरी काळजी वाटेल.

पदवी त्यानं पुरी करावी. तुमच्या समाधानासाठी नव्हे. बँड मोडतात, तारखा रद्द होतात, बऱ्याच वादकांचं घर शिकवणी, गिटारदुरुस्ती, साउंडचं काम यांवर चालतं. ब्लूजमधला दिग्गज मडी वॉटर्सही शिकागोत आल्यावर दिवसा ट्रक चालवायचा आणि रात्री वाजवायचा. दोन्ही एकत्र करणं दमवणारं आहे, लाजिरवाणं नाही.

मुदत ठेवायचीच तर अशी ठेवा: वर्षभर त्यानं वही ठेवावी. कुणी बोलावलं, किती मिळालं, कोणी पुन्हा बोलावलं. वर्ष संपलं की वही त्यानंच मला आणून दाखवावी, पत्रही त्यानंच लिहावं. तुमच्या दोन पानांत त्याचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही सापडलं नाही.

तोवर त्याच्या पुढच्या कार्यक्रमाला जा, मागच्या रांगेत बसा. जाताना इअरप्लगच्या दोन जोड्या घ्या. १०० डेसिबलला कान जेमतेम पंधरा मिनिटं सुरक्षित राहतात, आणि रॉकचा स्टेज तिथवर सहज पोचतो. एक जोडी त्याची.