आंबोली टोड आणि कोलारचे पर्णनासिक वटवाघूळ: अधिक धोक्यात कोण?

आंबोली टोड (आंबोली परिसरातला, बेडकासारखा पण खरखरीत कातडीचा उभयचर) आणि कोलारचे पर्णनासिक वटवाघूळ हे दोन्ही प्राणी ‘अतिसंकटग्रस्त’ (नामशेष होण्याचा धोका अत्यंत जास्त असलेल्या) वर्गात मोडतात, तरीही माझ्या मते वटवाघळाची स्थिती अधिक नाजूक आहे. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात, हनुमनहळ्ळी गावाजवळच्या एकाच गुहेत ते आज आढळते आणि ज्ञात संख्या दोनशेच्याही आत आहे. त्या टेकड्यांमधील ग्रॅनाइटच्या खाणकामामुळे गुहेचेच अस्तित्व धोक्यात आले होते.

आंबोली टोडचे शास्त्रीय वर्णन 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. कुशीवरील वाघासारख्या पट्ट्यांमुळे त्याला ‘टायगरिना’ हे नाव मिळाले. पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळपठारावर), खडकातल्या जेमतेम बोटभर खोल डबक्यांत मादी अंडी घालते. पावसाने मध्येच ओढ दिली आणि डबके आटले, तर त्यातील अंडी व पिल्ले वाया जातात. शिवाय वर्षासहलीच्या गर्दीत नेमक्या त्याच दिवसांत वाहनांखाली टोड चिरडले जातात (धबधब्याकडे निघालेल्यांचे लक्ष रस्त्यावर नसतेच). मात्र त्याची डबकी सड्यावर अनेक ठिकाणी विखुरलेली असतात, त्यामुळे एक आटले तरी दुसरे टिकू शकते. वटवाघळाला अशी दुसरी ज्ञात गुहा नाही.