फायनलची दोन तिकिटं विकली तर चारही रद्द झाली, आणि आता सहकारी पोलिसात जाईन म्हणतोय

तुमचा मेल दोनदा वाचला, पहिल्यांदा वकील म्हणून आणि दुसऱ्यांदा एका मुलाची आई म्हणून, कारण तो गेटवरचा भाग वाचून पोटात कालवलं. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची हकीकत थोडक्यात सांगते, नाव-गाव काढून.

तुम्ही एका मोठ्या टी-ट्वेन्टी लीगच्या फायनलची चार तिकिटं अधिकृत अ‍ॅपवरून काढली, ऑनलाइन रांगेत तुमचा नंबर लाखाच्या वर होता, तीन फोन लावून बसलात तेव्हा कुठे मिळाली. एक तिकीट ७,००० चं, म्हणजे २८,००० आणि वर कन्व्हिनियन्स फी. तुम्ही, तुमचा मुलगा आणि दोन मित्र असं ठरलं होतं. पण तुमची टीम क्वालिफायरला हरली, मित्रांचा मूड गेला, आणि तुम्ही त्यांची दोन तिकिटं ऑफिसातल्या एकाला १५,००० ला एक अशी दिली. त्याआधी एका फॅन ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाकून जाहिरातही केली होतीत. मॅचच्या दिवशी दुपारी दोनला मेल आला की अनधिकृत पुनर्विक्रीमुळे बुकिंग रद्द, रिफंड लागू नाही. तो मेल तुम्ही पाहिलाच नाही. संध्याकाळी गेटवर मुलगा गालावर रंग लावून, जर्सी घालून उभा, आणि स्कॅनरवर लाल. मागून तो सहकारी आला, त्याचंही लाल. आता तो म्हणतो ३०,००० दे, वर ट्रेन आणि हॉटेलचे ९,००० दे, नाहीतर चारशेवीसची केस टाकतो. आणि तुमचा प्रश्न असा की आयोजकाने भाव दुप्पट केला तर तो धंदा आणि मी केला तर ब्लॅक, हे कसं काय.

तो शेवटचा प्रश्न चांगला आहे, त्याच्याकडे येते. पण आधी सहकाऱ्याचं.

त्याचे ३०,००० आजच परत करा. वाद घालू नका, तिकीट कंपनीकडून पैसे आले की देतो असं तर अजिबात म्हणू नका, कारण त्याचा व्यवहार तुमच्याशी झाला, कंपनीशी नाही. त्याने पैसे मॅच बघायला दिले आणि मॅच बघायला मिळाली नाही, इतकं ते सरळ आहे. यूपीआयने पाठवा, म्हणजे नोंद राहते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ लिहून घ्या की तिकिटांचे पूर्ण पैसे मिळाले. ट्रेन-हॉटेलचं थोडं वेगळं आहे. तिकीट दुसऱ्याच्या नावावरचं आहे आणि दुप्पट भावाने घेतोय हे त्याला माहीत होतं, त्यामुळे तो सगळा भार तुमच्यावर टाकू शकेल असं मला वाटत नाही, पण मी तुमच्या जागी असते तर निम्मे देऊन विषय मिटवला असता, रोज एकाच कँटीनमध्ये बसायचंय तुम्हाला.

चारशेवीसला घाबरू नका. एक तर ते कलम आता नाहीच, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि फसवणूक तिथे कलम ३१८ मध्ये आहे. आणि फसवणूक ठरायला सुरुवातीपासून फसवायचा हेतू असावा लागतो. तुमची तिकिटं खरी होती, पैसे भरून घेतलेली होती, तुम्ही स्वतः त्याच बुकिंगवर मुलाला घेऊन गेटवर उभे होतात, फसवणारा माणूस असं करत नाही. एकच पीडीएफ पाच जणांना विकून फोन बंद करणारे असतात, त्यांच्यासाठी ते कलम आहे. पण पैसे दाबून बसलात तर तुमची ही चांगली बाजू दर दिवशी थोडी थोडी कमजोर होईल, म्हणून म्हटलं आजच द्या.

बरं, आता ब्लॅकचं. तिकीट ब्लॅकवर अख्ख्या देशाला लागू होईल असा वेगळा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. खेळ आणि करमणूक हा विषय घटनेने राज्यांच्या यादीत टाकलाय. एमआरपीचं म्हणाल तर ते पाकीटबंद वस्तूंसाठी असतं, बिस्किटाच्या पुड्याला असतं, मॅचच्या सीटला नसतं. मुंबई उच्च न्यायालयात ऑनलाइन तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्ध जनहित याचिका झाली होती, ती जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली, कोर्टाचं म्हणणं की नियम करणं हे सरकारचं आणि विधिमंडळाचं काम आहे. याचा अर्थ पोलीस हात बांधून बसतात असा मात्र घेऊ नका. २०२३ च्या वर्ल्ड कपात वानखेडेच्या सेमीफायनलच्या आधी मुंबई पोलिसांनी ब्लॅकवाल्यांना उचललं होतं. तुमची दोन तिकिटं आणि त्यांचा धंदा यात फरक आहे, पण ग्रुपवर जाहिरात, तीही बुकिंग आयडी न झाकता! कंपनीला तुम्हाला शोधायलाही लागलं नाही हो, तुम्हीच पत्ता दिलात.

बाहेर मात्र सरळ कायदे आहेत. जपानात २०१९ पासून परवानगीशिवाय मूळ किमतीपेक्षा चढ्या भावाने तिकिटं विकायचा धंदा करणं गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा, मग तुम्ही मूळ किमतीला विका नाहीतर कमी किमतीला.

आता खरा मुद्दा, कंपनी. इथे लोक दोन टोकाच्या गोष्टी बोलतात, एक गट म्हणतो तिकीट माझं, मी काहीही करीन, दुसरा म्हणतो अटीत लिहिलंय म्हणजे संपलं. दोन्ही चूक.

तिकीट म्हणजे कायद्याच्या भाषेत परवाना, तुम्ही सीट विकत घेत नाही, त्या जागेत ठराविक वेळ बसायची परवानगी घेता. आणि या परवान्याबद्दल आपल्याकडे १८८२ चा एक कायदा आहे, भारतीय सुविधाधिकार कायदा, शेताच्या वाटा आणि विहिरीच्या पाण्याच्या भांडणात वापरतात तो. त्याचं कलम ५६ वाचा, गंमत आहे. साधारणपणे परवाना दुसऱ्याला देता येत नाही, पण सार्वजनिक करमणुकीच्या जागी जायचा परवाना देता येतो, असं तिथे स्पष्ट लिहिलंय, फक्त वेगळं काही ठरलेलं नसेल तर. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी सुद्धा कायदा करणाऱ्याला हे कळत होतं की माणूस नाटकाचं तिकीट काढतो, ऐनवेळी ताप येतो, तिकीट भावाला देतो. आणि यात वाईट काय आहे? २०२३ ची आयपीएल फायनल आठवा, २८ मेला अहमदाबादला पावसाने खेळच झाला नाही, दुसऱ्या दिवशी त्याच तिकिटांवर खेळवली, आणि संपली ती मध्यरात्र उलटून गेल्यावर. ज्याला सोमवारी कामावर जायचंच होतं त्याने तिकीट कुणाला दिलं तर तो काय गुन्हेगार झाला?

पण ते 'वेगळं ठरलेलं नसेल तर' आहे ना, तिथे कंपन्या बसतात. तुम्ही टिक केलेल्या अटींमध्ये हस्तांतरण आणि पुनर्विक्री बंद असं लिहिलंय, मी तुम्ही पाठवलेली प्रत बघितली. म्हणजे दोन तिकिटांच्या बाबतीत तुम्ही करार मोडलात, हे मान्य करूनच पुढे जा, लपवू नका. करार मोडणं हा गुन्हा नाही पण त्याचे परिणाम असतात.

उरलेल्या दोन तिकिटांचं काय? ती तुम्ही विकली नव्हती. तुम्ही आणि मुलगा जाणार होतात, गेलातही होतात. त्याच कायद्याचं कलम ६४ म्हणतं की पैसे घेऊन दिलेला परवाना, घेणाऱ्याची स्वतःची चूक नसताना मध्येच काढून घेतला तर देणाऱ्याने भरपाई द्यायची. कंपनी म्हणेल बुकिंग एक होतं, एक सडकी फळी म्हणजे अख्खं दार सडकं. तुम्ही म्हणायचं की सीट नंबर चार, क्यूआर चार, पैसे चार जणांचे, मग दोन रद्द करायला काय अडचण होती? माझ्या मते तुमची सगळ्यात भक्कम बाजू ही आहे.

विकलेल्या दोन तिकिटांवर सुद्धा भांडायला जागा आहे. करार कायद्याचं कलम ७४ आहे, करार मोडला की वाजवी भरपाई मिळते, वाटेल तेवढा दंड नाही. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये कैलासनाथ असोसिएट्सच्या निकालात हे स्वच्छ सांगितलंय की रक्कम जप्त करायची तर काहीतरी नुकसान झालेलं हवं. आता तुम्ही मेलमध्ये जाता जाता एक ओळ लिहिलीय, की साडेतीन वाजता त्याच स्टँडमध्ये अ‍ॅपवर अचानक चार तिकिटं विकायला दिसली आणि तुमच्या मेव्हण्याने तुम्हाला गंमत म्हणून स्क्रीनशॉट पाठवला. अहो ती गंमत नाही, तो तुमचा पुरावा आहे! ती तुमचीच चार असतील असं सिद्ध होत नाही एवढ्याने, पण कंपनीला पाठवायच्या नोटिशीत सरळ विचारता येतं की रद्द केलेल्या अमुक-अमुक सीट पुन्हा विकल्या का, कितीला विकल्या. विकल्या असतील तर नुकसान शून्य, एकाच सीटचे दोनदा पैसे.

हे सगळं जिल्हा ग्राहक आयोगात न्या. तिथे वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि मुदत दोन वर्षांची. अटींमध्ये भलत्याच शहराचं कोर्ट लिहिलंय म्हणून तुम्ही धास्तावलात, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते. एक बारीक गोष्ट, तक्रारीत 'ही अटच अन्यायकारक आहे, ती रद्द करा' अशी मुख्य मागणी करू नका. नुकसानाच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार हा अन्याय्य करारात मोडतो हे खरं, पण तो विषय राज्य आयोगाकडे जातो आणि तुम्ही २८,००० साठी नसती फरपट ओढवून घ्याल. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच धरून चला. त्याआधी १९१५ ला फोन करून ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कधीकधी तेवढ्यावरच कंपनी नरमते.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला उभा राहून म्हणेल की हे ग्राहकच नाहीत, व्यावसायिक हेतूने तिकिटं घेतली, बघा २८,००० ची चार घेतली आणि दोनच विकून ३०,००० वसूल केले. आणि ऐकायला ते वाईटच वाटतं हो. तुम्ही मेलमध्ये लिहिलंय 'आमची दोन फुकटात पडली असती', हे वाक्य कुठेही पुन्हा लिहू नका. उत्तर म्हणून दाखवायचं की घेताना हेतू बघायचा होता, त्या दोन मित्रांशी झालेलं चॅट, त्यांनी तुम्हाला आधीच पाठवलेले पैसे, चौघांच्या नावावरचं ट्रेनचं बुकिंग. मी आयोगात बसणाऱ्यांच्या मनातलं सांगू शकत नाही, पण मला विचाराल तर तुमच्या आणि मुलाच्या तिकिटांचे १४,००० आणि थोडीफार त्रासाची भरपाई मिळण्याची शक्यता चांगली आहे, उरलेले १४,००० लढण्यासारखे आहेत, आणि १५ चा भाव तर विसराच. रिफंड मागताना टॅक्ससकट मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलसारख्या मॅचच्या तिकिटावर २८ च्या जागी ४० टक्के जीएसटी आहे, तुमच्या ७,००० मधले २,००० तेच आहेत.

आणि तो प्रश्न, त्यांनी केला तर धंदा आणि मी केला तर ब्लॅक. कायद्याचं उत्तर रुक्ष आहे, सीट त्यांची, भाव त्यांचा, खाजगी खेळाच्या तिकिटाला वरची मर्यादा नाही. पण तुमचा राग मला पटतो, कारण जगभर हेच चाललंय. २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला फिफाने मागणीप्रमाणे हलणारे भाव लावले, वर स्वतःचाच पुनर्विक्रीचा बाजार उघडला आणि त्यात विकणाऱ्याकडून १५ टक्के, घेणाऱ्याकडून १५ टक्के ठेवले. म्हणजे ब्लॅक वाईट नाही, दुसऱ्याने केलेला ब्लॅक वाईट. युरोपातल्या फॅन संघटना डिसेंबर २०२५ मध्ये इतक्या भडकल्या की फिफाला ६० डॉलरची थोडी तिकिटं काढावी लागली, फायनलसाठी सुद्धा. कुठल्या कोर्टाने सांगितलं नव्हतं, लोक एकत्र ओरडले. आपल्याकडे लोक ओरडतात ते रांगेत पुढच्यावर, किंवा तुमच्यासारख्यावर, त्या ग्रुपवर तुम्हाला काय काय म्हटलंय ते स्क्रीनशॉट वाचले मी. त्यातल्या निम्म्यांना तुम्ही १५ ला दिलं असतं तर घेतलं असतं.

ग्रुपवरचं भांडण सोडा, तिथे उत्तरं देऊ नका, तुमचं प्रत्येक उत्तर समोरचा वकील छापून आणेल. पण जाहिरातीची पोस्ट डिलीटही करू नका, ती कंपनीकडे आहेच, तुम्ही पुसली तर उगाच लपवल्यासारखं दिसेल. दुपारी दोनचा तो मेल जसाच्या तसा ठेवा, आणि बुकिंगच्या दिवशीच्या अटी, बँकेची नोंद, मेव्हण्याचा तो स्क्रीनशॉट त्याच्या फोनवरून वेळ-तारखेसकट पुन्हा मागवा, फॉरवर्ड झालेला चालणार नाही. हे जमलं की मला पाठवा, नोटिशीचा मसुदा मी बघून देते.