युद्धात पत्रकाराने आधी फोटो काढावा की आधी माणूस वाचवावा? आणि सैनिकाने चुकीचा आदेश पाळावा का?

तुम्ही दोन्ही प्रश्न एकत्र विचारलेत आणि आमच्या घरात ते वीस वर्षं एकत्रच भांडले गेलेत. मोठा भाऊ लष्करात, मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर. म्हणून लिहायला बसलो.

आधी फोटो की आधी मदत, हा पेच लोकांना वाटतो तितका मोठा नाही. शटर दाबायला सेकंदही लागत नाही. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधल्या त्रांग बांगजवळ नापाम या अंगाला चिकटून जळणाऱ्या बॉम्बने भाजलेली नऊ वर्षांची किम फुक रस्त्यावर धावत आली, तेव्हा तिथे असलेल्या निक उट या छायाचित्रकाराने तिला गाडीत घालून रुग्णालयात नेलं. फोटोही निघाले, मुलगीही वाचली. जिथे खरोखर एकच गोष्ट करता येईल, तिथे कॅमेरा खाली ठेवून माणूस उचलावा. यात चर्चा करण्यासारखं मला काही दिसत नाही.

खरी कसोटी त्यानंतर लागते, रणांगणापासून फार लांब. कुठला फोटो छापायचा हे ठरवणाऱ्याच्या डोक्यावरून गोळ्या जात नसतात. 'भीतीपोटी झालं' असं त्याला म्हणता येत नाही. त्या खुर्चीत मी बसलोय.

मार्च २००३. इराकवरचा हल्ला नुकताच सुरू झाला होता आणि मी रात्रपाळीला होतो. वृत्तसंस्थेच्या फोटोंमध्ये शरण आलेल्या इराकी सैनिकांचे बरेच होते. बहुतेक पाठमोरे किंवा लांबून घेतलेले. एक मात्र समोरून होता. चाळिशीचा माणूस वाळूत गुडघ्यांवर बसलेला, हात डोक्यामागे, नजर सरळ कॅमेऱ्यात. मी तो पहिल्या पानावर पाच कॉलम लावला. कुणी हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकांनी सगळ्यांसमोर पानाचं कौतुक केलं आणि मला ते आवडलं.

मग २३ मार्चला इराकी टीव्हीने पकडलेले अमेरिकन सैनिक दाखवले. त्यांना कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारले जात होते. हा जिनिव्हा कराराचा भंग आहे, असं अमेरिकेने लगेच जाहीर केलं. ती बातमीही मीच लावली, तीही पहिल्या पानावर.

दादा तेव्हा सुट्टीवर आला होता. त्याने दोन्ही अंक जमिनीवर शेजारी शेजारी पसरले आणि मला हाक मारली.

"यातला फरक सांग."

मी म्हणालो, त्यांनी कैद्यांना बोलतं करून तमाशा केला, आम्ही फक्त फोटो छापला.

"ज्यानं हात वर केले, तो त्या क्षणापासून शत्रू राहत नाही. आमच्याकडे हे शिकवतात. तुमच्याकडे काय शिकवतात?" आणि मग म्हणाला, "उद्या मी असा बसलो, तर माझा फोटो आईला पहिल्या पानावर दाखवशील?"

आई आतल्या खोलीत होती. मी काही बोललो नाही.

१९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम १३ मी त्यानंतर पहिल्यांदा वाचलं. युद्धकैद्याला हिंसेपासून जपायचं, तसंच अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासूनही जपायचं, असं त्यात स्पष्ट आहे. तोवर मला या धंद्यात अकरा वर्षं झाली होती.

इथवर दादा बरोबर होता. पण तो तिथे थांबला नाही. "तुम्ही लोक नुसते बघता" हे त्याचं वाक्य मला अजून मान्य नाही.

१६ मार्च १९६८ला व्हिएतनाममधल्या 'माय लाय' गावात अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकरी मारले. व्हिएतनामी मोजणीनुसार ५०४. ह्यू थॉम्पसन या वैमानिकाने हेलिकॉप्टर गावकरी आणि सैनिक यांच्या मध्ये उतरवलं आणि आपल्या माणसांना सांगितलं, हे सैनिक गावकऱ्यांवर गोळ्या झाडू लागले तर त्यांच्यावर झाडा. चुकीच्या आदेशाबद्दल विचारलंत ना, माझं उत्तर थॉम्पसन आहे. या हत्याकांडात सामील असलेल्या लेफ्टनंट कॅलीने 'आदेश होता' असं न्यायालयात सांगितलं, तरी १९७१मध्ये तो २२ खुनांसाठी दोषी ठरलाच.

दादा म्हणतो, बघ, माणसं सैनिकानं वाचवली. हो, वाचवली. पण थॉम्पसनने त्याच दिवशी वरिष्ठांना सगळं सांगितलं होतं आणि तरी वीस महिने जगाला पत्ता नव्हता. नोव्हेंबर १९६९मध्ये सेमूर हर्श या पत्रकाराने बातमी फोडली आणि रोनाल्ड हेबर्लीचे रंगीत फोटो छापून आले, तेव्हा हे नाकारणं अशक्य झालं. हेबर्ली लष्कराचाच छायाचित्रकार होता. सरकारी कॅमेऱ्यातले कृष्णधवल फोटो त्याने जमा केले, स्वतःच्या कॅमेऱ्यातले रंगीत ठेवून घेतले. प्रत्यक्ष गोळ्या घालणाऱ्या सैनिकांचे काही फोटो आपण नष्ट केले, हेही त्याने कितीतरी वर्षांनी कबूल केलं. त्याने कुणाला थांबवलं नाही, हे खरं. पण उरलेले फोटोही त्याने जाळले असते तर?

इराकमधल्या अबू गरेब या अमेरिकेच्या ताब्यातल्या तुरुंगाचंही तेच. जानेवारी २००४मध्ये जो डार्बी या सैनिकाने तुरुंगातल्या छळाच्या फोटोंची सीडी लष्कराच्या तपास यंत्रणेला दिली. एप्रिलअखेर ते टीव्हीवर आले. लष्कराच्या विनंतीवरून वाहिनीने ते आधी दोन आठवडे रोखून धरले होते. मला विचाराल तर एक दिवसही रोखायला नको होते. मी हे सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "डार्बीसुद्धा सैनिकच होता." हा वाद आमच्यात असाच अर्धवट पडून आहे.

तुम्ही पत्रकारितेत येणार असाल, तर कलम १३ आधी वाचा, कॅमेरा नंतर घ्या. लष्करात जाणार असाल, तर कॅमेरेवाल्याला उपरा समजू नका. तुमचा कुणी थॉम्पसन खरं बोलतोय, याचा पुरावा कदाचित त्याच्याचकडे असेल.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. करार सरकारांना बांधतो, वर्तमानपत्राला थेट नाही, त्यामुळे मी कायदा मोडला असं कुणी म्हणणार नाही. आणि आदेश नाकारा, हे मी घरात बसून लिहितोय. थॉम्पसनला अनेक वर्षं गद्दार म्हटलं गेलं, पदक १९९८मध्ये मिळालं. डार्बीला स्वतःच्या गावी परत राहता आलं नाही.

त्या रात्री मला त्या इराकी सैनिकाच्या फोटोला हनुवटीच्या वर काप मारून चेहरा वगळता आला असता. वाळू, गुडघे, वर गेलेले दंड, सगळं राहिलं असतं. शरणागतीची बातमी तेवढ्यात पूर्ण होत होती.