लिथियमचा शेअर घ्यायच्या आधी

प्रिय पोरी,

परवा तुझ्या आईकडून कळलं की पहिला बोनस तू एका लिथियमवाल्या शेअरमध्ये टाकणार आहेस, टेलिग्रामवर टिप आलीये म्हणे, जम्मूत खजिना सापडलाय आणि आता हा शेअर थांबत नाही. फोनवर बोललो असतो तर रागावल्यासारखं वाटलं असतं, म्हणून लिहितोय.

जम्मूचं आधी बघू. फेब्रुवारी 2023 मध्ये जीएसआयने, म्हणजे सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने, रियासीतल्या सलाल-हैमाना भागात 59 लाख टन लिथियमच्या खनिजाचा साठा जाहीर केला. आकडा खोटा नव्हता, पण तो जी-3 पातळीचा, म्हणजे प्राथमिक शोधातला अंदाज, जी-2 आणि जी-1 हे पुढचे, जास्त पक्के टप्पे अजून व्हायचे होते. ब्लॉक लिलावात काढला तर पुरेसे बोली लावणारेच आले नाहीत, परत काढला तरी तेच. जगातलं बहुतेक लिथियम ऑस्ट्रेलियातल्या स्पॉड्युमीन खडकातून नाहीतर चिली-अर्जेंटिनातल्या खाऱ्या पाण्यातून येतं, जम्मूत ते चिकणमातीत आहे आणि त्यातून परवडेल असं कसं काढायचं हे अजून कोणी करून दाखवलेलं नाही. त्यात भावाचं बघ, चीनमध्ये लिथियम कार्बोनेट नोव्हेंबर 2022 ला टनाला जवळपास 6 लाख युआन होतं, सव्वा वर्षाच्या आत 1 लाखाच्या खाली.

नुसता साठा सापडून भागत नाही, हे रेअर अर्थमध्ये, म्हणजे मॅग्नेटला वगैरे लागणाऱ्या, एकमेकांसारख्या धातूंच्या गटात, नीट दिसतं. त्याचं मी जरा जास्त सांगू शकतो कारण त्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्या टेबलावर दोन बीकर असायचे, एकात हिरवट पाणी, एकात जांभळट गुलाबी. हिरवं प्रॅसिओडिमियम, गुलाबी निओडिमियम. ही दोन इतकी सारखी वागतात की 1885 पर्यंत लोक दोघांना मिळून एकच मूलद्रव्य समजत होते. वेगळी करायची म्हणजे मिक्सर-सेटलरच्या, म्हणजे दोन द्रव ढवळून परत वेगळे होऊ देणाऱ्या टाक्यांच्या, लांबच लांब रांगा, अ‍ॅसिडचं पाणी आणि वर तरंगणारा ऑर्गॅनिक द्रव, दर टप्प्याला अगदी थोडंसं काम होतं आणि असे शेकडो टप्पे. एकदा आमच्याकडे दोन थरांच्या मधे क्रड साचलं, गाळासारखं चिकट, वेळेवर कोणी पाहिलं नाही आणि पंधरा दिवसांचा माल परत पहिल्यापासून फिरवावा लागला. खाणीत माल भरपूर होता गं, अडलं ते इथे.

चीनचा जोर याच कामात आहे. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी डिस्प्रोसियम, टर्बियम धरून सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवाना लावला तर मोटरला लागणारे मॅग्नेट मिळेनात, आपल्या बजाजलाही इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन घटेल असं सांगावं लागलं. मोनाझाइट, म्हणजे रेअर अर्थ ज्यातून निघतात ते किनाऱ्याच्या वाळूतलं खनिज, आपल्याकडे आहे, केरळात चवऱ्याला, ओडिशात छत्रपूरला, पण त्यात किरणोत्सर्गी थोरियम असतं म्हणून ते अणुऊर्जा खात्याच्या ताब्यात. ते काम करणारी आयआरईएल, म्हणजे पूर्वीची इंडियन रेअर अर्थ्स, सरकारी, 1950 पासूनची, ऑफिस आपल्या प्रभादेवीला, पण शेअर बाजारात ती नाहीच. म्हणजे भारतातल्या रेअर अर्थ खाणीचा शेअर म्हणून कोणी काही विकत असेल तर नक्की काय विकतोय ते त्याला विचार.

आणि मॉलिकॉर्प या अमेरिकन रेअर अर्थ कंपनीचं वाचून काढ. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण, माल उत्तम. 2010 मध्ये चीनने रेअर अर्थच्या निर्यातीचा कोटा आवळला, शेअर 14 डॉलरला बाजारात आला आणि वर्षाच्या आत 70 च्या वर गेला. नवीन प्लांटवर पैसा ओतला, प्लांट नीट चालेना, तोवर भाव पडले आणि जून 2015 मध्ये दिवाळखोरी. खाण होती तिथेच राहिली, पुढे दुसऱ्यांनी घेतली आणि ती आज चालू आहे, जुन्या शेअरवाल्यांचे पैसे मात्र गेले.

घेऊ नकोच असं मी म्हणत नाहीये, या धातूंची गरज खरी आहे आणि तुझ्या वयात शिकायला हे क्षेत्र भारी आहे. फक्त त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघड आणि बघ, तिथे रिसोर्स (जमिनीत असल्याचा अंदाज) लिहिलंय की रिझर्व (परवडेल असा काढता येणारा माल), शुद्धीकरण कोण करणार, माल घ्यायचा करार कोणाशी झालाय, आणि भाव निम्मा झाला तर कर्ज कशातून फेडणार. उत्तरं सापडली नाहीत तर बोनस आत्ता एफडीत ठेव. रविवारी तो अहवाल घेऊन ये, दोघं मिळून वाचू, काकू थालीपीठ करणार आहे.

तुझा काका