'राइश' म्हणजे साम्राज्यच का?

प्रश्न असा होता: हिटलरच्या नाझी राजवटीला म्हणतात त्या 'थर्ड राइश'चं भाषांतर आपण 'तिसरं साम्राज्य' असं करतो. पण १९१८ मध्ये कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, पायउतार झाला आणि जर्मनी प्रजासत्ताक झाली, तरी देशाचं अधिकृत नाव 'डॉइचेस राइश'च कसं राहिलं? आणि 'रिच' म्हणजे श्रीमंत, त्याच्याशी या शब्दाचं काही नातं आहे का?

नातं आहे. पण आधी साम्राज्याचं बघू.

या नव्या प्रजासत्ताकाच्या १९१९च्या वायमार राज्यघटनेत पहिल्या कलमाचं पहिलंच वाक्य आहे, 'दास डॉइचे राइश इस्ट आइने रेपुब्लिक'. याचं मराठी 'जर्मन साम्राज्य हे प्रजासत्ताक आहे' असं केलं, तर वाचणारा डोकं खाजवेल. जर्मन माणसाला मात्र त्यात विसंगती दिसली नाही, कारण 'राइश'मध्ये सम्राट असायलाच हवा असं नाही. एका सत्तेखालचा मुलूख, एवढाच त्याचा गाभा. सम्राट दाखवायचा असेल तर 'कैसरराइश', राजा असेल तर 'क्योनिगराइश'. फ्रान्सला जर्मन लोक आजही 'फ्रांकराइश' म्हणतात, ऑस्ट्रियाचं नाव 'ओस्टरराइश', म्हणजे पूर्वेकडचा मुलूख. प्राणिसृष्टीसुद्धा 'टीअरराइश'! इंग्रजी लेखकांनी हा शब्द बहुधा तसाच ठेवला, ते शहाणपणाचं केलं.

आता व्युत्पत्ती, आणि इथे खरी गंमत आहे. लॅटिन 'रेक्स' (राजा) आणि संस्कृत 'राज्' ही सख्खी भावंडं. मूळ इंडो-युरोपीय शब्दातल्या दीर्घ 'ए'चा संस्कृतात 'आ' झाला, लॅटिनमध्ये तो 'ए'च राहिला आणि केल्टिक भाषांत त्याचा 'ई' झाला. सीझरशी लढलेल्या गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) केल्टिक सरदाराचं नाव वेर्सिंगेटोरिक्स, त्यातलं शेवटचं 'रिक्स' म्हणजे राजाच. जर्मानिक भाषांमध्ये (जर्मन, डच, इंग्रजी, स्वीडिश यांच्या कुळात) या 'ए'चा आपसूक 'ई' होत नाही. तरीही 'राइश'च्या जुन्या रूपात, 'रीही'मध्ये, 'ई' सापडतो. म्हणजे शब्द शेजारच्या केल्टांकडून उसना आणलेला. तोही फार पूर्वी, कारण मूळच्या 'ग'चा 'क' होण्याचा जर्मानिक ध्वनिबदल त्याने अंगावर घेतला आहे. तो 'क' डच आणि स्वीडिश भाषांत टिकला (ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, स्वीडनची संसद रिक्सदाग), जर्मनमध्ये तो पुढे आणखी घासला गेला.

राजावाचक शब्दाला 'य'चा प्रत्यय लावून 'राइश'चा पूर्वज बनला. आपल्याकडे 'राजन्'पासून 'राज्य' बनतं तसाच. तेव्हा कुळ पाहिलं तर 'राइश'चा मराठी भाऊ 'साम्राज्य' नव्हे, साधं 'राज्य'. आपले 'राव' आणि 'राय' हेही 'राजा'चेच झिजलेले वंशज, म्हणजे फ्रीडरिश, हाइनरिश या नावांतला 'रिश' आणि आपल्या नावापुढचा 'राव' एकाच गोत्राचे.

'रिच'बद्दल: जर्मन विशेषण 'राइश' म्हणजे श्रीमंत, इंग्रजी 'रिच' त्याचाच भाऊबंद. मूळ अर्थ 'सत्ताधारी, बलवान'. ज्याच्या हाती सत्ता त्याच्या घरी पैसा, म्हणून अर्थ सरकला. पेशव्यांना 'श्रीमंत' म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.

'तिसरं' हे मोजणं मात्र राजकीय. पहिलं म्हणजे १८०६ मध्ये संपलेलं पवित्र रोमन साम्राज्य, दुसरं १८७१ ते १९१८चं. म्योलर फान डेन ब्रुक या जर्मन लेखकाच्या १९२३च्या पुस्तकाचं शीर्षकच 'दास ड्रिटे राइश' होतं. नाझींनी ते शब्द उचलले. मी स्वतः भाषांतरात 'तिसरं राइश' असंच ठेवीन. उच्चार 'राइख' नको. 'ख'सारखा घशातला आवाज संगीतकार 'बाख'च्या नावात येतो, इथला 'श' आणि 'ह'च्या मधला आहे.

१९४५ नंतर शब्दाला डाग लागला, तरी तो पूर्ण गेला नाही. संसद 'बुंडेसटाग' झाली, पण ती भरते त्या बर्लिनच्या इमारतीला लोक 'राइशटाग'च म्हणतात. आणि कम्युनिस्ट पूर्व जर्मनीची रेल्वे शेवटपर्यंत 'डॉइचे राइशबान' या नावानेच धावत होती.